मुंबईत नवीन आलात आणि सेकंडहँड गाडी बघताय? आधी एअरबॅगचा दिवा बघा

गावाहून मुंबईत येऊन वर्ष-दीड वर्ष झालं, पगार जरा वाढला, की आपल्या पोरांच्या डोक्यात गाडी येते. ऑफिसला तर लोकलनेच जाणार, पण गणपतीला स्वतःच्या गाडीने गावी जायचं असतं, खळ्यात लावायची असते, चार लोकांनी विचारायला पाहिजे "घेतलंस काय?" मी पण तसलाच, त्यामुळे हसत नाही. २००४ ला कणकवलीहून भांडुपला मावशीच्या खोलीत आलो आणि २०१८ च्या मे महिन्यात पहिली गाडी घेतली, पाच वर्षं जुनी छोटी हॅचबॅक, दोन लाख तीस हजार. यंदा ओळखीतल्या तिघांनी अगदी तीच माती खाल्ली म्हणून लिहायला बसलो.

पार्किंग आधी, गाडी नंतर. यावर जास्त बोलत नाही, एकदा रस्त्यावरून टोचन लावून नेली की कळतं. आरसी लगेच नावावर करा, फॉर्म २९ आणि ३०, एजंट सगळं सांगतो, जुने ई-चलान मालकाकडून भरून घ्या. झालं.

आता मुद्दा. माझी गाडी दाखवणारा दलाल आपल्याच तालुक्यातला होता. मालवणीत बोलला, आईचं माहेर विचारलं, फणसाचे गरे खायला घातले, वर "अरे मी तुका फसवतलंय काय". मुंबईत आलेल्या आपल्या माणसाची हीच खोड आहे, परक्याकडून रुमाल घेताना दहा वेळा उलटापालटा करून बघेल आणि गाववाल्याकडून गाडी घेताना बोनेट पण उघडणार नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. मी नाही उघडलं. गाडी चकाचक होती, आत मोगऱ्याचा वास इतका की डोकं दुखलं, तेव्हाच पळायला पाहिजे होतं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि हेडलाईटच्या आत वाफ धरली. मग मोगऱ्याच्या खालून कुबट वास वर आला. जुलैमध्ये ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर कांजूरच्या अलीकडे पॉवर स्टिअरिंग बंद पडलं, मागे बायको आणि पोरगी, चाक इतकं जड झालं की दोन्ही हातांनी ओढून कशीबशी डावीकडे घेतली. गॅरेजवाल्याने खालचा कार्पेट उचलला तर खाली वाळलेला चिखल, बोटभर. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई बुडाली होती ना, त्यात ही गाडी उभी होती आणि पाणी सीटपर्यंत गेलं होतं. एअरबॅगचा जो कंट्रोल बॉक्स असतो तो बऱ्याच छोट्या गाड्यांत गिअरच्या आसपास अगदी खाली बसवलेला असतो, म्हणजे पाणी आत आलं की पहिला तोच बुडतो. माझ्या गाडीतला आतून हिरवा पडलेला. म्हणजे एअरबॅग दोन होत्या, पण नुसत्या नावाला. आणि दिवा? डॅशबोर्डवरच्या एअरबॅगच्या दिव्यावर आतून काळी टेप चिकटवलेली. दुरुस्तीचा अंदाज पंच्याऐंशी हजार सांगितला. शेवटी सगळं खरं सांगून सुटे भाग काढणाऱ्याला साठ हजारात दिली. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायची हिंमत नाही झाली.

म्हणून सांगतो, किल्ली फिरवा, इंजिन चालू करू नका, आणि एअरबॅगचा दिवा बघा. तो लागला पाहिजे आणि थोड्या सेकंदांनी विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर बिघाड आहे, आणि एअरबॅग असूनही लागलाच नाही तर त्याहून वाईट, कारण कोणीतरी तो मुद्दाम लपवलेला असू शकतो. काही महाभाग ती वायर शेजारच्या दुसऱ्या दिव्याला जोडतात, म्हणजे दोन्ही एकदमच लागतात आणि एकदमच विझतात, ते पण बघा. एवढं करूनही खात्री नाही पटली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅनर लावा, त्याचे थोडे पैसे गेले तरी चालतील. मालक "कशाला उगाच" म्हणाला की समजून जा.

बुडालेली गाडी ओळखायची सोपी खूण म्हणजे सीटबेल्ट. पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. बाहेरचा भाग धुतात, आत गुंडाळलेला कोणी धुवत नाही, तिथे चिखलाची रेघ सापडते. मग स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. इन्शुरन्सचा कागद मागा आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे ते वाचा, पाच वर्षं क्लेम नसेल तर तो पन्नास टक्क्यांवर गेलेला असतो, तिथे शून्य दिसलं तर विचारा की क्लेम झाला होता का आणि कशाचा. आणि गाडी बघायला शक्यतो पावसातच जा. लोक उन्हाळ्यात घेतात, कारण सुट्टीला गावी जायचं असतं, पण तोवर सगळी गाडी सुकवून मोगरा मारून तयार असते. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल, कुर्ला या पाणी तुंबणाऱ्या बाजूची गाडी असेल तर दुप्पट वेळ लावा, आणि नंबरप्लेटवर एमएच-०३ आहे की ४७ यावरून काही ठरवू नका, पाणी पासिंग विचारून येत नाही.

एअरबॅग आहे की नाही हे पण गृहीत धरू नका. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये ती नसायचीच. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या एअरबॅगशिवाय आपटून बघितल्या, पाचही शून्य स्टार. त्यातलीच पोलो दोन एअरबॅग लावून आपटली तर चार स्टार. तेव्हा वीस-तीस हजार वाचतात म्हणून बेस मॉडेल घेऊ नका.

रिकॉल, म्हणजे खराब भाग बदलायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, हा प्रकार आपल्याकडे कोणाला माहीतच नसतो. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट असायचं, उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते खराब होतं आणि एअरबॅग फुगताना धातूचा डबाच फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. उष्ण दमट म्हणजे कुठली हवा ते मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. होंडाने इथेही जुन्या सिटी, जॅझ परत बोलावून तो भाग फुकट बदलून दिला. पण कंपनीचं पत्र जातं पहिल्या मालकाला, तुम्ही तिसरे, तुम्हाला कोण सांगणार? आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या साईटवर टाका, दोन मिनिटांचं काम. १ एप्रिल २०२१ पासून सरकारी रिकॉलचा नियम पण आलाय, मालकाला सरकारच्या 'वाहन' नावाच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते, पण गाडी सात वर्षांच्या आतली पाहिजे.

आणि त्याच मॉडेलचे मालक काय रडतात ते विचारा. सोसायटीत गाड्या पुसणारा पोरगा असतो ना, त्याला सगळं माहीत असतं, कोणाची सकाळी धक्का मारून चालू होते, कोणाच्या खाली तेल पडतं. म्युझिक सिस्टम, सीटचं कापड असल्या तक्रारी सोडून द्या. चालता चालता बंद पडते, स्टिअरिंग जड होतं, ब्रेक खाली जातो, जळका वास येतो, यातलं एक जरी तीन वेगवेगळ्या मालकांकडून ऐकलंत तर ते मॉडेल नको.

सीएनजीची असेल तर किट आरसीवर चढवलेलं पाहिजे, सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, जुना असेल तर बदला. उंदरांसाठी महिन्यातून एकदा बोनेट उघडा, वायरी खातात.

कशेडी घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे अजून भेटतात मला, आपलेच लोक. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची मदत बंद, दोन-तीनदा दाबला की पेडल दगड होतं. माझ्या मेव्हण्याला हे चार वर्षं सांगतोय.

भांडुप-मुलुंड बाजूला कोणाला गाडी बघायला सोबत हवी असेल तर रविवारी सकाळी येतो, चहा तुमचा. फक्त दलाल कणकवलीचा असेल तर आधी सांगा, तोच निघायचा.