कारखान्यातल्या कामगारांना कामाबद्दल काय वाटतं, हे विचारायचं कसं

कामगारांची मतं घ्यायची ठरलं की पहिली बैठक बहुतेक वेळा प्रश्नांवर होते. त्याआधी तीन गोष्टी ठरवा. फॉर्म भरताना माणूस कुठे बसेल, शेजारी कोण उभं असेल आणि तेवढा वेळ त्याचं मशीन कोण सांभाळेल? ऑफिसातल्या माणसाला लिंक पाठवली की तो सवडीने भरतो. लाइनवरच्या माणसाला सवड नसते. बऱ्याच जणांना कंपनीचा ईमेल नसतो, शॉप फ्लोअरवर मोबाइल न्यायला अनेकदा बंदी असते आणि सुपरवायझर पाच पावलांवर असतो. त्याच्या टेबलावर भरलेला फॉर्म त्याला आवडेल असाच भरला जातो.

वेळ आणि जागा

फॉर्म पाळीच्या वेळेतच भरून घ्या, तेही पगारी वेळेत. पाळी सुटल्यावर थांबवलं तर माणूस घड्याळाकडे बघत सगळीकडे एकाच रकान्यात खुणा करतो आणि बस गाठतो. जेवणाच्या सुट्टीत घेतलं तर त्याच्या विश्रांतीतून वेळ कापला जातो, त्याचा राग उत्तरांत उतरतो. ८ ते १० जणांच्या तुकड्या करा, त्यांच्या जागी काम सांभाळणारा रिलिव्हर लावा आणि प्रत्येक तुकडीला २० मिनिटं द्या. त्यातली १० ते १२ मिनिटं भरायला लागतात, बाकीची येण्याजाण्यात आणि समजावून सांगण्यात जातात. प्रशिक्षणाची खोली सर्वांत बरी. कॅमेऱ्याखालची जागा आणि सुपरवायझरची केबिन टाळा.

पगारवाढीची बोलणी, बोनस, कामगारकपात, मोठा ऑडिट यांच्या आगेमागे दोन-तीन आठवडे हे काम काढू नका. त्या दिवसांत कामाचा प्रश्न विचारला तरी उत्तर बोनसचंच मिळतं. रात्रपाळीला वगळून ‘नंतर बघू’ असं तर मुळीच करू नका. रात्री मेंटेनन्सची माणसं कमी असतात, स्टोअर बंद असतं, मोठे साहेब नसतात. अडचणी तिथेच साचलेल्या असतात.

नाव नको म्हणजे खरंच नको

‘नाव लिहू नका’ एवढ्याने भीती जात नाही. फॉर्मवर विभाग, पाळी, कायम की कंत्राटी, किती वर्षं नोकरी, स्त्री की पुरुष, असं सगळं विचारलं तर नावाची गरजच उरत नाही. हिशेब करून बघा. ६ विभाग, ३ पाळ्या, कायम-कंत्राटी असे २ प्रकार आणि नोकरीच्या वर्षांचे ४ गट, म्हणजे १४४ खाने झाले. ३०० माणसांच्या कारखान्यात एका खान्यात सरासरी जेमतेम दोघं. पेंट शॉपच्या रात्रपाळीत पाच वर्षांपेक्षा जुनी अशी एकच बाई असेल, तर तिचा फॉर्म तिच्या नावासकट आला असंच समजा. कामगार हा हिशेब आपल्याआधी करतात.

म्हणून दोनच माहित्या मागा, फार तर तीन. ज्या गटात १० पेक्षा कमी फॉर्म येतील त्याचा निकाल वेगळा काढायचा नाही, शेजारच्या गटात मिसळायचा. हा नियम आधीच जाहीर करा.

बाकीची काळजी छोट्या गोष्टींत आहे. फॉर्मवर अनुक्रमांक छापू नका. कोपऱ्यातला एक आकडा दिसला की सगळा विश्वास उडतो. सर्वांना एकसारखे पेन द्या. जास्तीत जास्त उत्तरं खुणेची ठेवा, कारण अक्षर ओळखता येतं. कुलूपबंद पेटीत फॉर्म प्रत्येकाने स्वतः टाकायचा, कुणाच्या हातात द्यायचा नाही. पेटी सगळ्या पाळ्या संपल्यावरच उघडा, आणि उघडल्याबरोबर फॉर्म मिसळा. हाताने लिहिलेली मतं विभागाबाहेरच्या माणसाने टाइप करावीत. ‘प्रेस शॉपमधून बदली होऊन आल्यापासून मला…’ अशी वाक्यं तिथेच सैल करावीत, म्हणजे मुद्दा राहील आणि माणूस दिसणार नाही. मूळ कागद कधी नष्ट करणार ती तारीख सांगा आणि त्या दिवशी नष्ट करा.

कंत्राटी कामगारांचे फॉर्म ठेकेदाराच्या माणसामार्फत कधीच घेऊ नका. त्यांची हजेरी, पगार आणि उद्याचं काम त्याच्याच हातात असतं. त्यांना कायम कामगारांच्याच खोलीत, त्याच पेटीपाशी बसवा.

प्रश्न

२० ते २५ पुरेत. ‘कंपनी कामगारांची काळजी घेते’ यासारखी वाक्यं काढून टाका. त्याला ‘सहमत’ म्हणणारा माणूस कशाला सहमत आहे ते कुणालाच कळत नाही. ‘सुरक्षितता आणि स्वच्छता समाधानकारक आहे’ हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. मशीनचा गार्ड नीट बसवलेला आहे पण संडास घाण आहे, तर त्याने खूण कुठे करायची?

आमचा कल कामात घडलेल्या गोष्टी विचारण्याकडे आहे, आणि तो का ते एका उदाहरणावरून दिसेल. असेंब्ली लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर हवेवर चालणारी नटरनर गन आहे. लाइनवरच्या सगळ्या गन एकाच वेळी चालू झाल्या की शेवटच्या स्टेशनचा दाब उतरतो. गन फिरते, पण नट पुरता आवळला जात नाही. पुढे क्वालिटीवाला तो भाग परत पाठवतो आणि नोंद ऑपरेटरच्या नावावर पडते. त्याला विचारलं, ‘कामाची साधनं मिळतात का?’ तर तो ‘हो’ म्हणेल, कारण गन हातात आहेच. पण ‘गेल्या ४ आठवड्यांत हत्यार नीट चालत नसतानाही त्यावरच काम करावं लागलं, असं किती वेळा झालं?’ असं विचारून ‘एकदाही नाही, १ ते २, ३ ते ५, त्याहून जास्त’ असे पर्याय दिले, तर हीच तक्रार कागदावर येते, आणि मेंटेनन्सला नेमकं कुठे बघायचं तेही कळतं.

ओव्हरटाइमबद्दल समाधान विचारू नका. तो आहे हे किती आधी कळतं ते विचारा: आदल्या दिवशी, पाळी सुरू होताना, की पाळी संपायच्या शेवटच्या तासात. पगाराबद्दल ‘समाधानी आहात का’ विचारलं तर जवळपास सगळीकडे उत्तर ‘नाही’च येतं आणि त्यातून करण्यासारखं काही निघत नाही. त्यापेक्षा पगार ठरल्या तारखेला होतो का, पगारपत्रक समजतं का, ओव्हरटाइमचे तास बरोबर लागतात का, हे तीन वेगवेगळे प्रश्न ठेवा. गोंगाटाबद्दल, हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो का, ते विचारा. लागत असेल तर आवाज साधारण ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं समजून तिथे मोजमाप करून घ्या. सुरक्षेबद्दल दोन प्रश्न हवेत: धोका दिसला तर मशीन थांबवायची मुभा आहे का, आणि मागच्या वेळी कुणी थांबवलं तेव्हा काय झालं. पहिल्याला ‘आहे’ आणि दुसऱ्याला ‘ओरडा बसला’ असं उत्तर आलं, तर खरं दुसरं समजा.

शेवटी एकच मोकळा प्रश्न: ‘तुमच्या कामातली एक गोष्ट उद्याच बदलायची तर कोणती?’ खाली तीन ओळींची जागा. मोठ्या मागण्यांपेक्षा इथे अडकणारं ट्रॉलीचं चाक, एकाच मापाचे हातमोजे, बंद पडलेला पंखा अशीच उत्तरं जास्त दिसतील. त्यांना क्षुल्लक मानू नका. मोठ्या मापाचा हातमोजा बोटांपुढे लोंबतो, छोटा स्क्रू पकडता येत नाही, म्हणून माणूस तो काढून ठेवतो आणि हात कापून घेतो.

छापण्याआधी ५-६ कामगारांना फॉर्म वाचायला द्या आणि प्रत्येक प्रश्न त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. जिथे अडखळतील तिथे शब्द बदला. वाचता न येणाऱ्यांसाठी बाहेरच्या विभागातल्या कुणीतरी प्रश्न मोठ्याने वाचावेत, खूण मात्र ज्याची त्यानेच करावी.

बसून ऐकणं

फॉर्मने कुठे दुखतंय ते कळतं, का दुखतंय ते बसून ऐकल्यावरच समजतं. ६ ते ८ जण, ४५ ते ६० मिनिटं, आणि त्यात लाइन लीडरसुद्धा नको. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २०,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारले जात होते, पण कामगार पुनःपुन्हा स्वतःच्या विषयाकडे वळत. मग मुलाखत घेणाऱ्यांनी पद्धत बदलली: विषय कामगाराने निवडायचा, मध्ये बोलायचं नाही, वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. हे आजही तसंच करा. ‘तसं नाहीये, त्याचं कारण असं की…’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं की बैठक संपली.

आकडे वाचताना

सरासरीवर थांबू नका. एका विभागात २० जणांनी ५ पैकी ३ गुण दिले तरी सरासरी ३, आणि दुसऱ्यात १० जणांनी ५ व १० जणांनी १ दिला तरी ३ च. या दुसऱ्या विभागात बहुधा पाळी किंवा सुपरवायझर बदलला की अनुभव बदलतो. १२ जणांच्या गटात एका माणसाने मत बदललं की ८ टक्के हलतात, म्हणून तेवढ्या फरकावरून कुणाला जाब विचारू नका. किती फॉर्म आले ते विभागवार बघा. बाकी ठिकाणी ८० टक्के आणि एका विभागात ४० टक्के असतील, तर तिथले लोक न भरूनच बोलले आहेत.

परत सांगणं

निकाल २ ते ३ आठवड्यांत नोटीस बोर्डावर लागला पाहिजे, वाईट आकड्यांसह. त्याखाली तीन याद्या: झालेली कामं, होणारी कामं (जबाबदार माणूस आणि तारखेसह), आणि न होणारी कामं, कारणासह. तिसरी यादी लपवण्याचा मोह होतो. लपवली तर लोक पहिल्या दोन याद्यांवरही विश्वास ठेवत नाहीत. ट्रॉलीची चाकं आणि तीन मापांचे हातमोजे पंधरा दिवसांत आणा, कारण लोक आधी तेच बघतात.

सुपरवायझरला त्याच्या विभागाचा निकाल बोर्डावर लागण्याआधी एकट्याला बसवून दाखवा. हा निकाल त्याच्या वाढीशी किंवा बढतीशी जोडू नका. जोडलात की पुढच्या वेळी तो फॉर्म भरायच्या आदल्या दिवशीच पोरांना ‘नीट भरा’ म्हणून सांगेल. ‘हे कोणी लिहिलं’ असं विचारण्यावर लेखी बंदी ठेवा आणि ती मोडणाऱ्यावर खरोखर कारवाई करा.

सहा महिन्यांनी त्यातलेच ५ प्रश्न पुन्हा विचारा. शब्द आणि पर्याय अजिबात बदलू नका, नाहीतर आकडा का हलला ते कळणार नाही. त्या ५ मध्ये हत्याराचा प्रश्न ठेवा, आणि शेवटच्या स्टेशनचा हवेचा दाब सगळ्या गन चालू असताना मोजलेला आहे ना, तेही त्याच आठवड्यात तपासा.