गारठ्यात फिल्म कॅमेरा

फ्रीलान्स कामाच्या टेबलाशी, खिडकीच्या उजेडात फोटो काढायचे तर आयएसओ ४०० ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी फिल्म घ्या. ढगाळ दिवशी शटर १/६० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ २.८ पासून सुरुवात करून मीटर, म्हणजे कॅमेऱ्याचा उजेडमापक, बघा. बाहेर बर्फ असेल तर मीटर फसतो, पांढरं राखाडी उतरतं. एक ते दीड स्टॉप उजेड जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, सुटे सेल आतल्या खिशात ठेवा. फिल्मही कडक होते. फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर झटक्यात ओढला की कडेची छिद्रं फाटतात, कोरड्या हवेत स्थिर विजेच्या ठिणग्या निगेटिव्हवर फांद्यांसारख्या उमटतात. रिवाइंडही, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळणंही, सावकाशच.

खरं जपायचं घरात शिरताना. कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. दोन तास उघडू नका, तोवर ईमेल उरका. दव पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही.