चोरीचा आरोप आलाय? घाबरून या चुका करू नका

गल्ल्यात पैसे कमी भरतात, घरातली चेन सापडत नाही, गोदामातल्या मालाचा हिशेब लागत नाही, आणि संशय येतो तो कामावरच्या माणसावर. त्याला मागच्या खोलीत बसवतात, पुढ्यात कागद ठेवतात. "लिहून दे, पैसे भर, विषय मिटला. नाहीतर पोलीस बोलावतो." नोकरी जाईल, अब्रू जाईल या धास्तीनं तो लिहून देतो. पुढे खटला उभा राहिलाच, तर सगळ्यात जड जातो तो हाच कागद.

पोलिसांपुढे दिलेली गुन्ह्याची कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 हे संरक्षण देतं. (पोलीस कोठडीत दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग मात्र पुराव्यात येतो.) मालकाला, व्यवस्थापकाला किंवा सोसायटीच्या अध्यक्षाला लिहून दिलेल्या कबुलीला अशी सरसकट बंदी नाही. धाक दाखवून किंवा आमिष देऊन घेतलेली कबुली न्यायालय नाकारू शकतं, पण बंद खोलीत नेमकं काय घडलं हे काही वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात दाखवणं सोपं नसतं. म्हणून हात जोडून सांगतो, "झालेलं नुकसान भरून देतो" इतकंसुद्धा लिहून देऊ नका. "मी घेतलेलं नाही, वकिलाशी बोलल्याशिवाय सही करणार नाही," एवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा. खोलीत डांबून ठेवणं हा स्वतःच गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

सही करून बसला असाल तरी हातपाय गाळू नका. खोलीत कोण कोण होतं, किती वाजले होते, कोण काय म्हणालं, फोन काढून घेतला होता का, हे त्याच दिवशी आठवून लिहा आणि वकिलाकडे द्या. लगेच केलेल्या तक्रारीला जे वजन असतं, ते सहा महिन्यांनी केलेल्या तक्रारीला उरत नाही.

"हजार-दोन हजारांचा तर मामला आहे"

ही समजूत अनेकांना महागात पडते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा ठरवणारा कायदा) लागू झाली. तिच्या कलम 303 नुसार साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. माल 5,000 रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची होते. अशा किरकोळ प्रकरणात गुन्हा अदखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस अटक करू शकत नाहीत असा) आणि जामीनपात्र असतो. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर मात्र किमान 1 वर्ष आणि कमाल 5 वर्षं सक्तमजुरी, शिवाय दंड.

पण हे झालं साध्या चोरीचं. नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली असा आरोप असेल तर कलम 306 लागतं, राहत्या घरातली चोरी असेल तर 305, आणि दोन्हीकडे शिक्षा 7 वर्षांपर्यंत जाते. 5,000 ची सवलत या कलमांत नाही. म्हणजे दोन हजारांचं घड्याळ बागेतल्या बाकावरून उचललं तर एक हिशेब, घरकामाला जाता त्या घरातून उचलल्याचा आरोप आला तर दुसराच. हिसकावून नेलं तर 304, आणि चोरी करताना मारहाण केली किंवा तसा धाक घातला तर प्रकरण जबरी चोरीत जातं. रोखपालासारख्या, पैसे विश्वासानं सोपवलेल्या माणसावर चोरीऐवजी विश्वासघाताचं 316 लागू शकतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे एफआयआरची प्रत मिळवणं आणि त्यातली कलमं वकिलाला वाचून दाखवणं.

कलम वाचताना व्याख्याही तपासून घ्या. चोरी ठरायला वस्तू हलवणं पुरेसं नाही, अप्रामाणिक हेतू लागतो. वस्तू माझीच आहे असं प्रामाणिकपणे समजून उचलली असेल, तर तो खरा बचाव आहे. उलट, दुरुस्तीचे पैसे थकलेले असताना घड्याळजीनं त्यापोटी अडवून ठेवलेलं स्वतःचंच घड्याळ गुपचूप उचललं, तर ती चोरी होऊ शकते. कायद्यातच हे उदाहरण दिलंय.

पोलिसांची नोटीस आली की गावाला निघून जाणं

7 वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, ती का गरजेची आहे हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं. अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली हे ठणकावून सांगितलं. अटकेची गरज नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम 35 ची नोटीस येते. बोलावलेल्या तारखांना हजर राहिलात तर खास कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. नोटीस टाळलीत तर तेच अटकेचं कारण होतं. जायच्या आधी वकिलाला भेटा, अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामिनाचं विचारा, आणि नोटिशीवर पोच घ्या.

अटक झालीच तर कारण सांगितलंच पाहिजे, घरच्यांना कळवलंच पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलंच पाहिजे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका. मारहाण झाली असेल तर दंडाधिकारी विचारतील तेव्हा तिथेच सांगा, नंतर नाही.

फोनमधले मेसेज पुसणं हीसुद्धा मोठी चूक. तुम्हाला वाचवणारं बोलणंही त्यातच असतं, आणि पुसलंत की संशय वाढतो. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी वकिलामार्फत ताबडतोब लेखी करा. जुना मोबाइल बिलाशिवाय स्वस्तात घेणाऱ्यांनीही सावध राहावं. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून, घेतला तर कलम 317 आहे.

मिटवलं म्हणजे मिटलं, असं नाही

स्टॅम्प पेपरवर तडजोड केली, फिर्यादी म्हणाला "माझी तक्रार नाही", एवढ्यानं गुन्हा बंद होत नाही. साध्या चोरीत कायदेशीर तडजोड होऊ शकते, पण ती न्यायालयात नोंदवून घ्यावी लागते, आणि काही कलमांत न्यायालयाची परवानगी लागते. ही पायरी राहिली आणि तारखेला कुणी गेलं नाही, तर वॉरंट निघतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसणं

मला सगळ्यात जास्त तळमळ या चुकीची वाटते, कारण मदत असते आणि माणसं ती मागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि 15100 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. पहिल्या रिमांडच्या वेळीच दंडाधिकाऱ्यांना "मला वकील नाही" असं सांगा. जामिनाचा अर्ज कुठल्या मुद्द्यांवर करायचा, हे तिथेच ठरायला लागतं.

वकिलाला मात्र सगळं खरं सांगा, नडणारी गोष्ट आधी. पहिलाच गुन्हा असेल आणि दोष सिद्ध झाला, तरी 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. आरोपी 18 वर्षांखालचा असेल तर वयाचा दाखला घेऊन पहिल्याच दिवशी जा. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं.