थायलंडमध्ये इंग्रजी शिकवताना आपले सण कसे करावेत आणि त्यातून तिथला परिसर कसा ओळखावा

थायलंडमधल्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेलेली मराठी व्यक्ती पहिल्या वर्षी सण बहुतेक दार लावून करते. भारतातून आणलेले उदबत्तीचे पुडे, बॅगेत जपून आणलेली पितळी मूर्ती, फोनवर घरची आरती आणि शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून हळू वाजवलेली घंटा, एवढ्यावर तो दिवस संपतो. नाखोन राचसीमा या शहरातल्या माझ्या पहिल्या गणेश चतुर्थीला मीही असेच केले आणि संध्याकाळी घराची आठवण कमी होण्याऐवजी वाढली. दुसऱ्या वर्षापासून मी एकच नियम पाळला: सणाला लागणारी प्रत्येक वस्तू आधी गावच्या बाजारात शोधायची आणि ती तिथे मिळत नसेल तरच भारतातून मागवायची. त्या शोधातून सण तर नीट झालेच, शिवाय गाव, भाषा आणि माणसे यांची जी ओळख झाली ती कोणत्याही सहलीने करून दिली नसती. पुढचे सगळे मार्गदर्शन या एका नियमावर उभे आहे.

सुरुवात दिनदर्शिकेपासून करावी. थाई घरांत आणि दुकानांत लावलेल्या दिनदर्शिकेवर काही तारखांजवळ बुद्धाचे लहान चित्र असते. ते दिवस म्हणजे ‘वान फ्रा’, बौद्धांचे पवित्र दिवस, अर्थात दोन्ही पक्षांतल्या अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्या. थाई चांद्रमास आपल्यासारखाच शुक्ल पक्षाने सुरू होऊन अमावास्येला संपतो, त्यामुळे आपल्याला तो वाचायला फारसे शिकावे लागत नाही. त्यांचा आठवा महिना म्हणजे आपला आषाढ, दहावा भाद्रपद, अकरावा आश्विन आणि बारावा कार्तिक. दहाव्या महिन्याच्या शुक्ल पक्षातली चौथी तिथी मोजली की गणेश चतुर्थी हाती लागते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. अधिक महिना धरण्याची त्यांची आणि आपली पद्धत वेगळी असल्यामुळे काही वर्षी दोन्हींत महिन्याचा फरक पडतो. 2023 साली भारतात गुरुपौर्णिमा 3 जुलैला होती आणि थायलंडमधली आसान्हा बूचा, म्हणजे त्यांची आषाढ पौर्णिमा, 1 ऑगस्टला. म्हणून थाई दिनदर्शिकेचा उपयोग अंदाजासाठी करावा आणि दिवस मराठी पंचांगावरून पक्का करावा.

दिनदर्शिका वाचू लागल्यावर कळते की वारांची नावेही ओळखीची आहेत. रविवार ‘वान आथित’ आहे, सोमवार ‘वान चान’, बुधवार ‘वान फुत’, शुक्रवार ‘वान सुक’, आणि मंगळवार ‘वान अंगखान’, ज्यात आपल्याला अंगारकीतला अंगारक सापडतो. शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणतात, तो शब्द ‘गुरू’चाच. नाखोन राचसीमा हे माझ्या शहराचे नाव काळजीपूर्वक वाचले तर त्यातही नगर, राज आणि सीमा हे तीन शब्द दिसतात. परक्या लिपीची भीती घालवायला हा सर्वांत चांगला उपाय आहे.

यानंतर शाळेचे वेळापत्रक पाहावे. पहिले सत्र मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, दुसरे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. गणपती नेहमी सत्राच्या मध्येच येतात, पाडवा बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा तिच्या तोंडावर, आणि दिवाळी कधी ऑक्टोबरच्या सुट्टीत तर कधी नव्या सत्राच्या पहिल्या दिवसांत. खासगी कामासाठीच्या रजेला ‘ला कित’ म्हणतात. चतुर्थीची रजा हवी असेल तर ती आदल्या आठवड्यात न मागता सत्राच्या सुरुवातीलाच लेखी मागावी, आणि आपल्या तासांची व्यवस्था कशी होईल हेही त्याच अर्जात लिहावे.

गणपतीच्या बाबतीत थायलंडमध्ये कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. गणपती तिथे ‘फ्रा फिक्कनेत’ म्हणून कलेचा आणि विद्येचा देव मानला जातो. तिथल्या ललितकला विभागाच्या आणि शिल्पाकोर्न विद्यापीठाच्या चिन्हावर तो आहे. मी शिक्षककक्षात प्रसाद नेला तेव्हा चित्रकला शिकवणाऱ्या सहकारी बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि त्यांच्याकडे गणपतीला ‘खनोम तोम’ ठेवतात असे सांगितले. खनोम तोम म्हणजे तांदळाच्या पिठाची उकडलेली, आत नारळ आणि ताडगूळ असलेली आणि वरून खोबऱ्यात घोळवलेली गोळी. आकार सोडला तर ती आपल्या मोदकाची सख्खी बहीणच आहे.

मोदक करताना तीन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली पिठाची. दुकानात ‘पेंग खाओ चाओ’ मागावे, कारण तेच साध्या तांदळाचे पीठ आहे. शेजारीच ठेवलेले ‘पेंग खाओ नियाओ’ चिकट तांदळाचे असते आणि त्याच्या पारीला कळी राहत नाही. माझे पहिल्या वर्षीचे अकराही मोदक त्या पिठामुळे चाळणीतच पसरले होते. थाई पीठ फार मऊ असते, म्हणून उकड काढताना पाणी थोडे हात राखून घ्यावे आणि मळताना लागेल तसे वाढवावे. दुसरी गोष्ट नारळाची. बाजारात यंत्रावर नारळ खवून देणारी बाई असते आणि ती आधी विचारते की नारळ दुधासाठी हवा की मिठाईसाठी. मिठाईसाठी म्हणून सांगावे आणि ‘मफ्राओ थुन थुक’ मागावा. हा पूर्ण जून न झालेला नारळ असतो, त्याचा चव पांढरा, मऊ आणि रसदार निघतो आणि सारण कोरडे पडत नाही. तिसरी गोष्ट गुळाची. नारळाचा किंवा ताडाचा गूळ सगळीकडे मिळतो, त्याला उसाच्या गुळाचा उग्रपणा नसतो आणि तो लवकर पाघळतो, म्हणून सारण मंद आचेवर जरा जास्त वेळ आटवावे. केळीची पाने बाजारात गड्डीने मिळतात आणि मोदकपात्राऐवजी तिथल्या घराघरात असणारे उकडण्याचे भांडे उत्तम चालते.

दूर्वा कुठे मिळतील, हा प्रश्न मला माझ्या विद्यार्थ्यांनी सोडवून दिला. दर वर्षी जूनच्या सुमारास शाळांत ‘वाय ख्रू’ हा गुरुवंदनेचा कार्यक्रम होतो आणि तो गुरुवारी करतात, कारण बृहस्पतीचा वार तो गुरूंचा वार. त्या दिवशी मुले गुडघ्यांवर पुढे येऊन शिक्षकांना जी फुलांची रचना देतात तिच्यात ‘या फ्रेक’ नावाचे गवत, वांग्याचे फूल आणि रुग्मिणीची फुले असतात. या फ्रेक म्हणजे आपली दूर्वा. कुठेही तुडवली तरी पुन्हा वाढते, तशी विद्या वाढावी, असा तिचा अर्थ मुले सांगतात. वांग्याचे फूल खाली झुकलेले असते म्हणून ते नम्रतेचे, आणि रुग्मिणीची कळी टोकदार असते म्हणून ती तल्लख बुद्धीची. सहावीतल्या एका मुलीने आणलेल्या रचनेतून मी एक जुडी काढून हातात धरली तेव्हा तिच्या तीन पात्यांकडे मी किती तरी वेळ पाहत राहिले. ती मुले हे गवत शाळेच्या मैदानाच्या कडेने खुडतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर जावे, एकवीस जुड्या सहज होतात.

विसर्जनासाठी लहान शाडूची मूर्ती करावी किंवा पितळी मूर्तीवर पाणी घालून उत्तरपूजा करावी. नदीत किंवा तळ्यात परस्पर विसर्जन करू नये. बादलीतले विसर्जन पुरते आणि ती माती झाडांना घालता येते. आरतीची वेळ घरच्यांशी जुळवताना थायलंड भारताच्या दीड तास पुढे आहे हे लक्षात ठेवावे. घरी सातची आरती असेल तर आपल्याकडे साडेआठ झालेले असतात.

नवरात्र आणि थायलंडमधला चिनी वंशाच्या लोकांचा शाकाहाराचा उत्सव, ‘किन चे’, हे बहुतेक वर्षी एकाच वेळी येतात, कारण दोन्ही शरदातल्या त्याच चांद्रमासाचे पहिले नऊ दिवस आहेत. या दिवसांत खाण्याच्या गाड्यांवर पिवळी निशाणे लागतात आणि त्या ठिकाणचे जेवण मांस-मासळीविना तर असतेच, शिवाय कांदा-लसूणही त्यात नसतो. एरवी माशाच्या सॉसमुळे बाहेर जेवताना अडचण होणाऱ्या शाकाहारी माणसाने वर्षभरात ज्या पदार्थांकडे नुसते पाहिले ते सगळे या नऊ दिवसांत खाऊन घ्यावेत. उपवास धरणाऱ्यांनी साबुदाण्याबद्दल जपावे. टॅपिओकाच्या बाबतीत आमचा प्रांत देशात अग्रेसर आहे, परंतु तिथला ‘साखू’ भिजवला की विरघळू लागतो. खिचडीसाठी भारतीय साबुदाणाच आणावा आणि साखूची नारळाच्या दुधात खीर करावी. विजयादशमीला बँकॉकला जाता आले तर सीलोम रस्त्यावरच्या मारिअम्मन मंदिराची, ज्याला लोक ‘वात खेक’ म्हणतात, रात्रीची मिरवणूक अवश्य पाहावी. रस्ता दिव्यांनी आणि झेंडूच्या फुलांनी भरून जातो आणि त्यात थाई भाविकांची संख्या मोठी असते. त्याच फेरीत फाहुरात या भागात जावे. डाळी, हिंग, पोहे, रांगोळीचे रंग आणि दिवाळीच्या पणत्या तिथे एकाच गल्लीबोळात मिळतात.

आश्विन पौर्णिमेला आपली कोजागरी, तर थायलंडमध्ये ‘ओक फान्सा’, म्हणजे भिक्षूंच्या वर्षावासाची समाप्ती. मेकाँगच्या काठी नाखोन फनोम येथे या सुमारास बांबूच्या प्रचंड नावांवर हजारो दिवे लावून त्या नदीत सोडतात. केशर-वेलचीचा मसाला पुडीत बांधून न्यावा, दूध तिथल्या दुकानात घ्यावे आणि अतिथिगृहाच्या मालकिणीला विचारून तिच्याच शेगडीवर आटवावे. मी असे केले तेव्हा त्या बाईंच्या घरची चार माणसे आमच्याबरोबर चंद्राखाली बसली होती. कार्तिक पौर्णिमेला आपण त्रिपुर पाजळतो, त्या रात्री ते ‘लॉय क्रथोंग’ करतात. केळीच्या सोपाच्या चकतीवर केळीची पाने दुमडून लावतात, मध्ये फुले, मेणबत्ती आणि उदबत्त्या ठेवतात आणि ती नदीत सोडतात. शाळेत आदल्या दिवशी मुले हे करतात. विकत न घेता त्यांच्याकडून पाने दुमडायला शिकावे आणि थर्माकोलची चकती टाळावी.

दिवाळीत इमारतीच्या सामायिक जागेत रांगोळी काढण्यापूर्वी आणि पणत्या लावण्यापूर्वी व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी. फटाक्यांचा विचारही करू नये. गुढीसाठीही बाल्कनीच्या कठड्याबाहेर काठी झुकवायची असेल तर आधी विचारावे. पाडव्याची एक गोष्ट मात्र भारतापेक्षा तिथे सोपी आहे. थाई लोक कडुनिंबाचा कोवळा पाला आणि मोहोर भाजीसारखा खातात. त्याला ‘सदाओ’ म्हणतात, थंडीपासून त्याच्या जुड्या बाजारात येतात आणि त्या चिंच-गुळाच्या गोड चटणीबरोबर खाल्ल्या जातात. त्या चटणीत माशाचा सॉस असतो, एवढे शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पाडवा उशिरा येत असेल तर पाला आधी घेऊन वाळवून ठेवावा. तांब्या नसेल तर पाण्यासाठी वापरतात ते ‘खान’ नावाचे धातूचे भांडे गुढीवर पालथे घालावे. पाडव्यानंतर बहुतेक वर्षी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, 13 एप्रिलला, थाई नववर्षाचा सण सोंगक्रान सुरू होतो. त्याचे नाव आपल्या ‘संक्रांत’ या शब्दाचेच रूप आहे आणि ती मेष संक्रांत आहे. त्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुवासिक पाणी घालून आशीर्वाद घेतात, तेव्हा त्याच खानातून पाणी घालता येते.

वर्गात सण न्यायचा असेल तर धर्माचे व्याख्यान न देता भाषेचा पाठ करावा. मोदकाची कृती आज्ञार्थी क्रियापदे आणि क्रमदर्शक शब्द शिकवायला अतिशय योग्य आहे. मुलांना मग खनोम तोमची कृती इंग्रजीत लिहायला सांगावी. स्वतःच्या घरची गोष्ट सांगायची असते तेव्हा गप्प बसणारी मुलेही शब्द विचारायला पुढे येतात, असा माझा अनुभव आहे.

सुट्टीतला प्रवासही सणांशी जोडावा. महाशिवरात्रीच्या सुमारास किंवा एप्रिलच्या सुरुवातीला बुरीरम प्रांतातले फनोम रुंग हे विझलेल्या ज्वालामुखीवरचे शिवमंदिर पाहावे. एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्योदयाची किरणे त्याच्या पंधरा दारांतून आरपार जातात. दारावरचे शेषशायी विष्णूचे शिल्प चोरीला जाऊन शिकागोच्या संग्रहालयात पोहोचले होते, ते 1988 साली परत आले. तिथे पोहोचण्यासाठी सुरीनकडे जाणाऱ्या बसने बान ताको येथे उतरावे आणि पुढे मोटारसायकलवाला किंवा सोंगथेव (मागे दोन बाके असलेली प्रवासी गाडी) ठरवावा. परतीचे भाडे आधीच ठरवून त्याला थांबवून ठेवावे, कारण डोंगरावर दुसरे वाहन मिळत नाही. बँकॉकहून चाचोएंगसाओला साध्या रेल्वेने जावे. तिथे ख्लोंग खुआन येथे 39 मीटर उंचीची उभी कांस्य गणेशमूर्ती आहे आणि वात समान येथे गुलाबी रंगाचा पहुडलेला गणपती. तिथले भाविक उंदराच्या एका कानात इच्छा सांगतात आणि दुसरा कान हाताने झाकून धरतात, म्हणजे ती बाहेर निसटत नाही.

एखाद्या वर्षी दिवाळीला घरीच यायचे ठरले तर तिकिटाआधी पारपत्र उघडून पाहावे. कामाच्या व्हिसावर मिळालेली मुदतवाढ देश सोडताच रद्द होते, त्यामुळे निघण्यापूर्वी इमिग्रेशन कार्यालयातून पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा. सुट्टीच्या तोंडावर तिथे रांगा लागतात, म्हणून हे काम पंधरा दिवस आधी उरकावे आणि परत येताना बॅगेत साबुदाण्यासाठी जागा ठेवावी.