दिवाळी बिंगो: खेळ सोपा आहे, कार्डांची भानगड आहे

सहामाही परीक्षा संपली आणि सुट्टी लागायला दीड दिवस उरला की वर्गात कोण शिकवतंय आणि कोण शिकतंय. अशा वेळी बिंगो एक नंबर. घरी पण चालतो, भाऊबीजेला आतेमामे भावंडं जमली की दुपारी मोठ्यांना जरा आडवं व्हायचं असतंच ना, तेव्हा तर हमखास.

फक्त नेटवरून तयार कार्डं काढू नका, त्यात बर्फाचा माणूस, टर्की असलं काहीतरी असतं, मिरजेतल्या तिसरीच्या पोराला त्याचं काय कौतुक. आणि नव्वद आकड्यांचा तांबोला पण नको, एका तिकिटावर १५ आकडे, फुल हाउस, म्हणजे अख्खं तिकीट भरायला इतका वेळ लागतो की मागच्या बाकावर मारामारी सुरू झालेली असते. चित्रांचा बिंगो करा, तीन बाय तीन, नऊ खाने, बास. एकेका चित्राची चिठ्ठी काढून पुकारायची, ज्याच्या कार्डावर ते चित्र असेल त्यानं तो खाना झाकायचा.

चित्रं २४ घ्यायची. माझी यादी अशी असते:

खाऊ: चकली, करंजी, अनारसे, शंकरपाळी, लाडू, शेव, चिरोटे, भडंग.
घरातलं: पणती, आकाशकंदील, रांगोळी, उटणं, कारीट, केरसुणी, लाह्या-बत्तासे, वसुबारसेची गाय-वासरू.
अंगणातलं: किल्ला, मावळा, तोफ, फुलबाजी, भुईनळा, भुईचक्र, नागगोळी, टिकल्यांचं पिस्तूल.

चिवडा का नाही म्हणाल तर चित्रात चिवडा आणि भडंग सारखंच दिसतं, मग पोरं भांडतात, आणि सांगलीत राहून भडंग काढायचं म्हणजे जरा अतीच. साताऱ्यात असाल तर कंदी पेढा घाला, पण मग लाडू काढा, दोन्ही गोलच. चित्राखाली नाव लिहायचंच, तुमची चित्रकला कितीही भारी असली तरी.

आता कार्डं. इथंच सगळे मार खातात, आणि मार्गदर्शन करणारे इथंच "वेगवेगळी कार्डं तयार करा" एवढं एक वाक्य टाकून पुढं जातात. अहो कशी तयार करा, ते सांगा ना.

पहिली चूक म्हणजे चार कार्डं काढायची आणि त्याच्याच झेरॉक्स मारायच्या. तीस पोरांत चारच प्रकार म्हटल्यावर सात-आठ जण एकाच चिठ्ठीला उभी राहून बोंबलणार, बक्षीस कुणाला देणार तुम्ही? दुसरी चूक म्हणजे चित्रं कमी घ्यायची. बाराच चित्रं आणि कार्डावर नऊ खाने असं केलं तर कार्डं वेगळी असून पण काही उपयोग नाही, कारण प्रत्येकाकडं तीनच चित्रं कमी आहेत. अकरावी चिठ्ठी निघेपर्यंत तीसातली सात-आठ कार्डं भरलेली असतात, हिशोब करून बघा पाहिजे तर. उलट हौसेनं चाळीस चित्रं घेतली तर पहिलं फुल हाउस यायला २८-२९ चिठ्ठ्या लागतात, आणि दुसरीतली पोरं एवढा वेळ बसत नसतात. २४ चित्रांत तीस कार्डं असली की साधारण सतराव्या-अठराव्या चिठ्ठीला पहिलं कार्ड भरतं, ते बरोबर बसतं. घरी चार-पाचच पोरं असतील तर चित्रं १८ करा, प्रत्येक गटात सहा, नाहीतर शेवटच्या चिठ्ठीपर्यंत ताटकळत बसाल.

आणि तिसरा सल्ला, जो मला अजिबात पटत नाही, तो म्हणजे "फळ्यावर यादी लिहा आणि मुलांना त्यांच्या आवडीची नऊ निवडू द्या". ऐकायला छान वाटतं, मुलांचा सहभाग वगैरे. पण पोरं काय निवडणार? सगळीच्या सगळी लाडू, किल्ला, फुलबाजी आणि पिस्तूल. केरसुणी कोण घेतंय? मग केरसुणीची चिठ्ठी निघाली की अख्खा वर्ग गप्प, आणि लाडू निघाला की सगळे एकदम खूश, म्हणजे परत सगळ्यांचं कार्ड एकाच वेळी भरायला लागतं. हे करू नका.

मी काय करते ते सांगते. वरचे तीन गट म्हणजे कार्डाचे तीन उभे रकाने. डावीकडं खाऊ, मधी घरातलं, उजवीकडं अंगणातलं. प्रत्येक गटाच्या आठ चिठ्ठ्या करून तीन वाट्यांत टाकायच्या. एका कार्डासाठी प्रत्येक वाटीतून तीन-तीन चिठ्ठ्या न बघता काढायच्या, निघतील तशाच वरून खाली लिहायच्या, चिठ्ठ्या परत आपापल्या वाटीत, हलवायच्या, पुढचं कार्ड. आठातून तीन काढायचे ५६ प्रकार होतात, असे तीन रकाने म्हणजे ५६ गुणिले ५६ गुणिले ५६, पावणेदोन लाखांच्या वर. त्यामुळं तीस कार्डांत दोन सारखी यायची काळजीच नको. तांबोल्याच्या तिकिटाला पण असे आकड्यांचे रकाने ठरलेलेच असतात, एकपासून नऊ पहिल्यात, दहापासून एकोणीस दुसऱ्यात असं. फायदा हाच की लहान पोराला नऊ खाने शोधत बसायला लागत नाही, करंजी म्हटलं की फक्त डावीकडं बघायचं.

"निघतील तशाच लिहायच्या" हे मी उगीच नाही म्हणाले. आपला हात आपोआप यादीच्या क्रमानं लिहितो, चकली वर, भडंग खाली. तसं झालं की चकली ज्याच्या ज्याच्या कार्डावर आहे त्याच्या वरच्याच ओळीत येते, आणि वरच्या ओळीचं बक्षीस मागायला घोळका उभा राहतो. म्हणून क्रम लावू नका, कितीही हात शिवशिवला तरी.

कार्ड झालं की जाड कागदावर डकवा, वरून पारदर्शक चिकटपट्टी. पेनानं फुल्या मारायला देऊ नका, एका डावात कार्ड खलास. खाने झाकायला चिंचोके घ्या. वाटाणे घरंगळतात, शेंगदाणे आणि बेदाणे पोटात जातात, आणि मग "बाई, माझा खाना झाकला होता" यावर कोर्टकचेरी.

चिठ्ठ्या पुकारताना पहिली-दुसरीला सरळ नाव सांगा आणि चित्र दाखवा. चौथीच्या पुढं मात्र कोडं घाला, खरी मजा तिथं आहे. "लक्ष्मी म्हणून पूजा करतात आणि दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात उभी करतात", "पहिल्या आंघोळीला पायाखाली फुटतं आणि चवीला कडू", "खसखस एकाच बाजूला, तळताना तीच बाजू वर". कारीट कित्येक पोरांना माहितीच नसतं, मग ती घरी जाऊन आजीला विचारतात, ते वेगळंच. उत्तर कळल्यावर नाव मोठ्यानं म्हणायचं, पुढची चिठ्ठी मग.

बक्षिसं पाच: वरची, मधली, खालची ओळ, चार कोपरे, फुल हाउस. निघालेल्या चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवा म्हणजे तपासायला सोपं. पुढची चिठ्ठी निघाल्यावर ओरडलं तर बक्षीस गेलं, हा नियम आधीच सांगा आणि मग कुणाच्याही डोळ्यातल्या पाण्याला भुलू नका. पण खोटं ओरडणाऱ्याला मोठ्यांच्या तांबोल्यासारखं बाद करू नका, एक चिठ्ठी हाताची घडी, तेवढं पुरे. एकदा जिंकलेल्याला फुल हाउसशिवाय दुसरं बक्षीस नाही. दोघं एकदम आली तर दोघांना द्या, पेन्सिल आणि खोडरबरच तर आहे, एक-दोन जास्तीचे आणून ठेवा.

संपल्यावर कार्डं, चिंचोके एका पिशवीत. चिठ्ठ्या मोजून घ्या, २४ भरल्या पाहिजेत, पिस्तुलाची चिठ्ठी कुणाच्या तरी खिशात असतेच.