नवा स्वे बार बसवताय? आधी या चुका टाळा

एका मित्राच्या गाडीला मागचा जाड स्वे बार बसवत होतो. जॅक फक्त उजवीकडे, त्यामुळे गाडी तिरकी. डावी लिंक (बारचं टोक चाकाकडच्या सस्पेन्शनला जोडणारा छोटा दांडा) लागली, पण उजव्या लिंकचा बोल्ट काही भोकासमोर येईना. लिंका अ‍ॅडजस्टेबल होत्या. मित्राने उजवी लिंक फिरवत फिरवत लांब केली, बोल्ट अलगद आत गेला, नट आवळला, टॉर्क रेंच ‘कट्’ वाजला. काम झालं असंच दोघांना वाटलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी डावीकडे वळताना एक वागायची आणि उजवीकडे वळताना दुसरंच. दोनदा अलाइनमेंट झालं, टायरची अदलाबदल झाली, फरक शून्य. शेवटी गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी केली आणि ती उजवी लिंक सोडली. बारचं टोक झटक्याने बोटभर सरकलं. बंद उभ्या गाडीत तो बार इतके दिवस पीळ धरून बसला होता.

स्वे बार म्हणजे पिळाची स्प्रिंग. वळणावर एक चाक वर जातं, दुसरं खाली राहतं, मधला बार पिळला जातो आणि गाडीचं झुकणं रोखतो. दोन्ही चाकं एकाच वेळी सारखी वर-खाली झाली तर तो बुशमध्ये (बारला गाडीखाली धरणाऱ्या रबरी किंवा पॉलियुरेथेनच्या वेढ्यात) नुसता फिरतो. म्हणून गाडी सरळ उभी असताना त्याला काहीच काम नसलं पाहिजे. बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका हा साधा नियम मोडल्यामुळे होतात, आणि दुरुस्तीची सुरुवातही तिथूनच करायची.

जाडी बघून हुरळून जाऊ नका

बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २२ मिमीच्या जागी २४ मिमीचा बार घातला तर कागदावर फरक फक्त दोन मिलिमीटरचा, पण ताठपणा सुमारे ४२ टक्क्यांनी वाढतो. १९ वरून २२ वर गेलात तर जवळजवळ ८० टक्के! त्यामुळे ‘सगळ्यात जाड तो सगळ्यात चांगला’ असं समजून ऑर्डर देऊ नका. पोकळ बारला ‘हलका म्हणजे कमजोर’ समजून नाकारणंही तितकंच चूक. २५ मिमीच्या बारची भिंत ४ मिमी असेल, तर त्याचं वजन त्याच व्यासाच्या भरीव बारच्या सुमारे ५४ टक्के भरतं, पण ताठपणा साधारण ७९ टक्के मिळतो. पिळाचा बहुतेक भार बाहेरची कडाच घेते.

पुढचा बार ताठ केला की पुढच्या बाहेरच्या चाकावर जादा भार येतो, पुढची पकड कमी होते आणि गाडी वळणात बाहेरच्या बाजूला जाऊ लागते. मागचा ताठ केला की मागचा भाग लवकर फिरतो. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना आधी मागचाच बार का बदलतात, ते यातून कळतं. पण मागचा बार जास्त ताठ केलेली गाडी वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूट मारू शकते. ओल्या रस्त्यावर हे फार अचानक घडतं. बारच्या टोकाला लिंक जोडायची एकाहून जास्त भोकं असतील, तर मी तरी नवा बार नेहमी सगळ्यात सौम्य, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या, भोकावर लावून सुरुवात करतो.

एकाच बाजूचं चाक उचलणं

वरच्या गोष्टीत आमची पहिली चूक हीच होती. त्या अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकदम उचला, गाडी जॅक स्टँडवर ठेवा, जमिनीवरच्या चाकांना अडण्या लावा. एकच बाजू उचलली की जुना बार पिळलेला राहतो. अशा अवस्थेत लिंक सोडली तर बोल्ट अडकतो, नाहीतर बारचं टोक अंगावर येतं.

काही गाड्यांत पुढचा बार सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीच्या) वर असतो. तिथे सबफ्रेम खाली घ्यावी लागते आणि स्टिअरिंगचा सांधा सोडावा लागतो. हे काम सुरू करण्याआधी चाकं सरळ करून स्टिअरिंग लॉक करा. सांधा सुटलेला असताना कुणी गाडीत बसून स्टिअरिंग नुसतं गरगर फिरवलं, तरी त्याखालचा क्लॉक स्प्रिंग तुटतो. हॉर्न आणि एअरबॅगच्या तारा त्यातूनच जातात. सबफ्रेम आणि बॉडीच्या जोडावर रंगाची खूण करून ठेवा, इंजिनाला आधार द्या, आणि जोडणी झाल्यावर अलाइनमेंट तपासून घ्या.

बुश

जुने बुश नव्या जाड बारवर ताणून बसवू नका. बुशचा आतला व्यास बारच्या व्यासाशी जुळायलाच हवा. पॉलियुरेथेन बुश कोरडे बसवले तर हमखास कुईकुई करतात. त्यांना किटसोबत आलेलं किंवा सिलिकॉनचं ग्रीस आतून सगळीकडे लावा. हातात येईल ते साधं ग्रीस रबरी बुशला लावू नका, पेट्रोलियमचं ग्रीस लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं.

बुशची परीक्षा सोपी आहे. ब्रॅकेट पूर्ण आवळल्यावर, लिंका जोडण्याआधी, बारचं टोक हाताने वर उचला आणि सोडा. ते स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली यायला हवं. मध्येच थांबलं तर बुश बारला आवळतोय. असा बार मग सरळ रस्त्यावरही दोन्ही चाकांना अडवतो आणि गाडी उगाच धक्के खाते. अशा वेळी बुश कापत बसू नका. योग्य मापाचे मागवा. बार डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून दोन्ही बुशशेजारी कॉलर असतात, त्या विसरू नका. सरकलेला बार हळूच पाइपला किंवा आर्मला घासायला लागतो, आणि आवाज कुठून येतोय ते कळत नाही.

लिंका, म्हणजे इथे घाई नको

बरेच जण बार बसवण्यात दोन तास घालवतात आणि लिंका दहा मिनिटांत उरकतात. उलट करायला हवं.

बॉल जॉइंटची लिंक आवळताना नटाबरोबर मधली दांडीही फिरते. मग इम्पॅक्ट गन लावली जाते, दांडी गरगरते, रबरी बूट पिळून फाटतो, आणि नवी लिंक काही महिन्यांत खडखडू लागते. दांडीच्या टोकाला अ‍ॅलन की किंवा टॉर्क्सचा खाचा असतो. नसेल तर मागे पातळ पाना बसण्यासाठी सपाट कडा असते. एका हाताने तिथे धरा, दुसऱ्याने नट आवळा.

टॉर्क रेंच ‘कट्’ म्हणतो, तरी लिंक ढिली, हे कधी पाहिलंय? मी पाहिलंय. मित्राच्या गाडीच्या लिंकची दांडी मूळ बारच्या टोकाच्या चपट्या पट्टीच्या जाडीसाठी होती, नव्या बारची पट्टी पातळ निघाली. नट आटे संपेपर्यंत गेला आणि तिथेच अडकला. पट्टी मात्र मोकळीच राहिली. बाहेरून सगळं चोख दिसत होतं. नट आवळल्यावर लिंकचं टोक पट्टीवर हाताने हलवून बघा, अगदी थोडं हललं तरी वॉशर किंवा योग्य लांबीची लिंक हवी.

आता लांबी. बार बसवून झाला, एका बाजूची लिंक पूर्ण जोडली की गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उतरवा. चालकाच्या सीटवर चालकाएवढं वजन ठेवा. चाकं थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्या. मग दुसऱ्या लिंकची लांबी अशी लावा की बोल्ट बोटांनी आत जाईल. पाना लागला, बार ढकलावा लागला, तर लांबी चुकली आहे. नट शेवटचा आवळायचाही याच अवस्थेत. गाडी खालून काम करायला उंच हवी असेल तर चारही चाकं सारख्या उंचीच्या रॅम्पवर घ्या.

गाडीची उंची कमी केलेली असेल तर मूळ लिंका लांब पडतात, आणि बारचा हात (लिंकेकडे वळलेला टोकाचा भाग) वर चढलेला दिसतो. लिंक आणि बारचा हात यांच्यात साधारण काटकोन असावा. चाक पूर्ण खाली लोंबलेलं आणि पूर्ण दाबलेलं, अशा दोन्ही टोकांना बॉल जॉइंट अडकत नाही ना, हेही पाहा. जॅक हळूहळू चढवून हाताने जागा तपासत जा: ब्रेकचा पाइप, अ‍ॅक्सल, टाय रॉड, सायलेन्सर. ब्रेकच्या पाइपला बार घासत असेल तर ती गाडी रस्त्यावर आणायचीच नाही.

टकटक येतेय, कुठून?

पहिल्या १०० ते २०० किलोमीटरनंतर सगळे नट गाडीच्या किंवा किटच्या पुस्तिकेतल्या टॉर्कवर पुन्हा तपासा. पेंट मार्करने नट आणि पट्टीवर एक सरळ रेघ ओढून ठेवली तर नट फिरलाय का, ते वाकून बघितलं की कळतं. रेघ बुशशेजारी बारवरही ओढा. बार बाजूला सरकला तर तीही सांगते.

तरी आवाज राहिला तर दोन्ही लिंका सोडा, बारचे हात बांधून ठेवा आणि मोकळ्या जागेत हळू गाडी चालवा. गाडी जास्त झुकेल, म्हणून वेग वाढवू नका. आवाज गेला तर दोष बार, बुश किंवा लिंकांत. राहिला तर शॉकरचा वरचा माउंट किंवा कंट्रोल आर्म बघा. एकच लिंक सोडून चाचणी करू नका, सुटलेलं टोक भलतीकडे आपटतं. लिंक हलवून बघण्यात बरेच फसतात: एकाच बाजूचं चाक लोंबलेलं असताना लिंकवर ताण असतो आणि खेळ लपतो. गाडी चाकांवर उभी करून, एकाने गाडीची बाजू खालीवर हलवायची, दुसऱ्याने बोटं लिंकच्या बॉलवर ठेवायची. ढिला जॉइंट बोटांना ‘टुक्’ असा लागतो.

आवाज फक्त स्पीडब्रेकरवर, तोही कुईकुई असेल तर ग्रीस. छोट्या खड्ड्यांवर कोरडी टकटक असेल तर बहुतेक लिंक. वळताना एकच जोरात ‘ठक्’ येत असेल तर माउंट तपासा, आणि ते काम पुढे ढकलू नका. ताठ बारचा सगळा जोर शेवटी ब्रॅकेट आणि बॉडीच्या पत्र्यावर येतो. बीएमडब्ल्यूच्या ई३६ मालिकेतल्या गाड्यांत मागच्या बारचे पत्र्याचे टॅब फाटतात, म्हणून त्यांना वेगळ्या पट्ट्या जोडतात. सुबारूच्या २००० च्या दशकातल्या डब्ल्यूआरएक्समध्ये जाड मागच्या बारसोबत मूळ ब्रॅकेट बदलून मजबूत घालतात, तेही याच कारणासाठी. तडा बारीक केसासारखा असतो. ब्रॅकेटच्या मुळाशी रंग सोललेला किंवा गंजाची रेघ दिसली तर ब्रॅकेट उतरवून, पुसून, टॉर्च तिरकी धरून बघा.

गाडी वागण्यात बिघडली असेल तर

भोकं बदलण्याआधी टायरचा दाब बघा. मग एका वेळी एकच भोक, पुढच्या किंवा मागच्या एकाच बारचं, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तेच. डावीकडे आतलं आणि उजवीकडे बाहेरचं भोक लागलंय, हे मी एकापेक्षा जास्त गाड्यांत पाहिलं आहे. आतल्या भोकावर गेलं की हात आखूड होतो, बार ताठ होतो: २५० मिमीचा हात २३० मिमी झाला तर ताठपणा साधारण १८ टक्क्यांनी वाढतो.

वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक गरगरत असेल तर पुढचा बार जास्त ताठ आहे, तो एक भोक सौम्य करा. एकच चाक खड्ड्यात गेलं तरी सगळी गाडी डावी-उजवीकडे हलत असेल, तर त्या रस्त्यासाठी बार एकूणच जाड आहे. त्याला भोकं बदलून थोडाच फरक पडतो. गाडी एका बाजूला जास्त झुकते असं वाटलं, तर मात्र सपाट जमिनीवर जा, एक लिंक सोडा, आणि बोल्ट बोटांनी परत आत जातो का ते बघा.