पावसाळ्याआधी संग्रहाची खोली लावताना

मे महिन्याचा दुसरा आठवडा लागला की आम्ही जुन्या नाशकातल्या आमच्या संग्रहाच्या खोलीचं काम काढतो. हवा कोरडी असते आणि सामान दोन दिवस पडवीत मांडून ठेवता येतं. एकदा पाऊस बसला की बासनं सोडायला नको वाटतं, दमट हवा आत शिरते. वाड्यात, वाचनालयात, देवस्थानात ज्यांच्याकडे असा लहान संग्रह आहे, त्यांच्यासाठी ही तयारी लिहिते आहे.

नवं कपाट मागवायच्या आधी टेप घ्या. खोली मोजा, प्रत्येक खणाची उंची मोजा, वहीत लिहा. बहुतेक ठिकाणी जागा फळ्यांच्या मधल्या पोकळीत वाया जाते. चार इंचांच्या पंचपात्राला दीड फुटाचा खण दिलेला असतो. फळ्या वरखाली होणारा लोखंडी रॅक असेल तर तेवढ्यावरच एखाददुसरा खण जास्तीचा निघतो. संग्रहाचं नाही ते त्याच दिवशी बाहेर काढा. आमच्याकडे जुने फलक आणि मोडक्या खुर्च्यांनी एक अख्खी भिंत अडवली होती.

मग यादी. प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि क्रमांकापुढे तिची जागा: कपाट कुठलं, खण कुठला. वारसा-जतनाचं काम करणाऱ्या रोमच्या इक्रोम संस्थेने लहान संग्रहालयांसाठी ‘री-ऑर्ग’ ही पद्धत बसवली आहे. तिच्या दोन कसोट्या मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवल्या आहेत. कुठलीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, आणि ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागता कामा नयेत. जागा वाचवायची ती इथपर्यंतच. त्यापुढे जे होतं ते कोंबणं.

कॉम्पॅक्टरचा मोह सगळ्यांना होतो. रुळांवर सरकणारी कपाटं, मधे एकच वाट, तेवढ्याच खोलीत जवळपास दुप्पट सामान. पण वजनही तेवढंच वाढतं. मीटरभर फळी पुस्तकांनी भरली तरी तीसेक किलो होतात. वाड्याच्या कडीपाटाच्या माळ्यावर कॉम्पॅक्टर नको, असं माझं स्पष्ट मत आहे; बसवायचाच तर तळमजल्यावर, इंजिनिअरला दाखवून. आणि नदीकाठच्या पेठांत तळमजला म्हटलं की पूर आला. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावर आपण पूर मोजतो; 2008 आणि 2019 साली पाणी सराफ बाजारात शिरलं होतं. तिथे खाली दगडी वस्तूच ठेवा, कागद आणि कापड वर न्या. वरच्या मजल्यावरही सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब हवं.

नाण्यांना जागा थोडी लागते, पण प्रत्येकाला स्वतंत्र लागते. 1906 साली आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला छाप मारलेला आहे. नव्या छापाखालून डोकावणारी जुनी रेघ वाचायची, तर अशी नाणी पिशवीत एकमेकांवर घासून चालत नाहीत. आम्ही आमची तांब्याची नाणी वर्षानुवर्षं मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवली. एका वर्षी पाकीट उघडलं तर नाण्याच्या कडेला हिरवट, चिकट थर, बोटाला लागणारा. आता आम्लविरहित कागदाची दोन इंची पाकिटं खोक्यात पत्त्यांसारखी उभी लावतो, क्रमांक वरच्या कडेला. बुटाच्या खोक्याएवढ्या जागेत काहीशे नाणी राहतात.

पैठणीची घडी मोडा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिली की जरीची तार तिथेच तुटते. आमच्याकडच्या एका जुन्या पदरावर मोराच्या मानेवरून सरळ रेघ गेली आहे, ती आता जाणार नाही. कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची नळकांडी मागून आणा, त्यांवर पॉलिएस्टर फिल्म आणि धुतलेलं मांजरपाट गुंडाळा, जरीची बाजू बाहेरच्या अंगाला येईल अशी पैठणी लावा, वरून पुन्हा मांजरपाट. नळकांड्यातून पाइप घालून तो भिंतीवरच्या ब्रॅकेटवर टांगला की कपाटाचा एक खण मोकळा होतो.

पोथ्या आडव्याच ठेवायच्या, सुती बासनात, एकावर एक तीनचारच. डांबराच्या गोळ्या नकोत; आपल्या श्वासालाही त्या वाईट. कसर दिसलेलं कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नका. तसबिरी उभ्या, खाचांच्या रॅकमध्ये. आर्द्रतामापक मात्र घ्याच: काटा 65 टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशीची वेळ आली.

कुलूप लावण्याआधी वहीतले कुठलेही पाच क्रमांक काढा आणि खोली न लावलेल्या माणसाला घड्याळ लावून शोधायला सांगा. मागच्या वर्षी चार वस्तू सापडल्या. पाचवी, एक पितळी पंचारती, वहीत तिसऱ्या खणात होती आणि प्रत्यक्षात पाचव्यात.